शून्य कुठे धरायचं

नववी ब. जेवणानंतरचा तास.
डस्टर टेबलावरून उचलला, डोक्याएवढा वर धरला,
म्हणालो, आता याच्यात ऊर्जा साठली. स्थितिज.
सोडला की गतिज.
सोडला.
खडूची धूळ उडाली, मागचे दोघे जागे झाले.
दरवर्षी एवढंच होतं.

यंदा इंदुजा गायधनीचा हात वर.
"साठली म्हणजे कुठे, सर?
वर नेल्यानं त्याच्या लाकडात काय बदललं?"

काही नाही. लाकडाला पत्ताही नसतो.
ती असते जमीन आणि डस्टर या दोघांत मिळून,
एकमेकांपासून लांब केलेल्या दोघांत.
मागून कुणीतरी 'ओहो' केलं. करू दिलं.

"मग उंची कुठून मोजायची? टेबलापासून, फरशीपासून,
की खाली सातवी अ बसते तिथल्या फरशीपासून?"
तुला सोयीचं पडेल तिथून. शून्य आपण धरायचं.
"असं कसं?"

अगं, गोदेला पूर आला की आपण काय विचारतो?
समुद्रसपाटीपासून किती, असं विचारतं का कुणी?
मारुतीच्या कुठे लागलं, विचारतात.
गुडघ्याला. कमरेला. छातीला.
गावाचं शून्य दुतोंड्या मारुतीच्या पायाशी,
गंगापूर धरणावरच्या माणसाचं आणखी कुठे,
आणि पाणी दोघांचंही न ऐकता
जेवढं उतरायचं तेवढंच उतरतं.

हे पटलं तिला. वहीत मारुती काढला, शेजारी पट्टी.

मला मात्र तिवंधा चौक आठवत राहिला.
तिथली रहाड. वर्षभर तिच्या डोक्यावरून रिक्षा जातात,
गाडीवाला कोथिंबिरीवर पाणी मारतो,
खाली लाकडं, माती, आणि त्याखाली
धप्पा मारणाऱ्यांची वाट बघणारी चौकोनी पोकळी.
रंगपंचमीला उघडतात.
चौदाव्या वर्षी मी तिच्या काठावर उभा होतो,
ओला दगड, उकळलेल्या फुलांचा वास, पिवळं पाणी,
मागे चारुहास वडनेरे आकडे मोजतोय, एक, दोन.
"चप्पल ठेवून आलोच," म्हणालो
आणि जो गेलो तो अडतीस वर्षं.

रात्री जुन्या पेपराच्या पाठीवर मांडलं.
वजन एकाहत्तर किलो. जी नऊ पूर्णांक आठ.
उंची? तळापर्यंत धरली तर दहा-बारा फूट.
पण तळाशी कोण जातं, पाणी आधी भेटतं.
काठापासून पाणी, अर्धा मीटर.
तीनशे अठ्ठेचाळीस जूल.
पुन्हा केलं. तेवढेच.
एका शेंगदाण्यात याच्या चाळीसपट असते
आणि मी चिवड्यातले वेचून वेचून खातो.

वेग काढताना दोन्हीकडचं वस्तुमान कटलं.
म्हणजे चारुहास असो, नगरसेवक असो की मी,
पाण्याशी सगळे एकाच वेगानं पोचणार.
अडतीस वर्षं शिकवतोय असं वाटलं,
खरं तर एकवीसच.

गेलो.
गर्दीत कुणी ओळखलं, "अरे, भामरे सर!"
पाय काठावर. गुडघे आपलं म्हणणं मांडू लागले.
कुणी ढकललं नाही. आकडे मोजायलाही कुणी नव्हतं.
मग शून्य मी माझ्या तळव्यांखालीच धरलं
आणि त्याच्या खाली गेलो.

धप्प!
नाकात, कानात, पिवळं.
साडेतीनशेतले थोडे आवाजाला गेले,
थोडे एका आजोबांच्या कोऱ्या धोतरावर,
त्यांनी शिव्या दिल्या, त्यातले जूल वेगळे.
बाकी पाणी गरम झालं असणार,
कुठल्याच थर्मामीटरला कळणार नाही इतकं.

सोमवारी नववी ब.
इंदुजा माझ्या कानामागे बघत राहिली,
साबणानं न गेलेल्या पिवळ्याकडे.
वहीतल्या मारुतीच्या पायाखाली
तिनं आणखी एक रेघ मारली, उणे लिहिलं,
आणि हात वर केला.